हे कुणाचे? : मानसशास्त्रातील संदर्भलेखनाविषयी

गेल्या वर्षी आमच्या महाविद्यालयातील तृतीय वर्षाच्या एका विद्यार्थिनीचा प्रकल्प-अहवाल बाहेरच्या परीक्षकांकडून परत आला. पहिल्याच पानावर लाल शाईने एक शब्द लिहिलेला होता : 'कॉपी'. मुलगी ऊसतोड कामगारांच्या घरातली. वर्षातले चार-पाच महिने आईबाप फडावर, आणि ही आजीजवळ राहून शिकलेली. विषय तिने स्वतःच निवडला होता. वस्तीवरच्या शाळकरी मुलांना जातीवरून चिडवले जाते, त्याचा त्यांच्या स्वतःविषयीच्या समजुतीवर काय परिणाम होतो, हा तो विषय. अहवाल हातात घेऊन ती माझ्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "सर, मी चोरी नाही केली. पुस्तकात जसं होतं तसंच लिहिलं. काना-मात्रासुद्धा बदलला नाही."

तिचे बोलणे खरे होते आणि घोटाळा नेमका तिथेच होता. मी तो अहवाल रात्री बसून पुन्हा वाचला. पहिली चौदा पाने तीन पुस्तकांतून उतरवलेली होती. अवतरणचिन्ह नाही, लेखकाचे नाव नाही, वर्ष नाही. पुढची नऊ पाने मात्र अस्सल तिची होती. अकरा मुलांशी ती बोलली होती आणि त्यांची वाक्ये तिने त्यांच्याच बोलीत टिपून घेतली होती. एका मुलाने तिला सांगितले होते की गुरुजी हजेरीला त्याचे आडनाव मोठ्याने घेतात, तेव्हा तो 'हजर' हळू म्हणतो. हे वाक्य कोणत्याही पाठ्यपुस्तकात नाही. परंतु पहिली चौदा पाने दुसऱ्याची निघाल्यावर पुढची नऊ हिची स्वतःची आहेत, यावर विश्वास कोण ठेवणार? संदर्भ दिला नाही तर मूळ लेखकाचे श्रेय जाते, असे आपण नेहमी ऐकतो. येथे तर तिचे स्वतःचे श्रेय गेले.

म्हणून हा लेख. संदर्भ कसा द्यावा हा विषय वरवर पाहता रुक्ष वाटतो. स्वल्पविराम कुठे, कंस कुठे, वर्ष आधी की नाव आधी, याची ती एक कटकट वाटते. परंतु आपल्या मुलामुलींच्या बाबतीत या कटकटीमागे एक मोठा प्रश्न उभा आहे, आणि तो नीट मांडला पाहिजे.

पाठांतराचे शिक्षण

मीही याच वाटेने आलो. घरात पदवी घेणारा मी पहिला. वडील बाजार समितीत हमाली करत. पुस्तकातले उत्तर शब्दशः लिहिले की गुण मिळतात, हे मी पाचवीत शिकलो आणि पदवीपर्यंत तेच माझ्या कामी आले. एम.ए.च्या प्रबंधिकेचे पहिले प्रकरण मी मार्गदर्शकांना दाखवले. त्यांनी प्रत्येक परिच्छेदाच्या समासात पेन्सिलीने दोनच शब्द लिहिले : 'हे कुणाचे?' मला तो अपमान वाटला. वाटले, यांना म्हणायचे आहे की हे तुझे असूच शकत नाही. त्यांनी मात्र मला समोर बसवून एका परिच्छेदाचे चार तुकडे करून दाखवले. पहिला पाठ्यपुस्तकाचा, दुसरा ते पुस्तक ज्या संशोधनावर उभे आहे त्याचा, तिसरा सर्वांना ठाऊक असलेल्या गोष्टीचा आणि चौथा माझा. माझे त्यात दीडच वाक्य होते. पण ते माझे आहे हे मला त्या दिवशी प्रथम कळले.

ज्यांच्या घरी पुस्तकांचे कपाट असते त्यांना ही गोष्ट जेवणाच्या पाटावर कळते. कुणीतरी म्हणते, 'हे अमक्याने म्हटले आहे, पण तमक्याने ते खोडून काढले.' म्हणजे विधानाला मालक असतो आणि त्या मालकाशी वाद घालता येतो, हे त्यांना लहानपणीच ठाऊक होते. आपल्याकडे छापलेले पुस्तक म्हणजे प्रमाण. त्यातला शब्द बदलणे हा त्याचा अनादर. ही श्रद्धा जुन्याच व्यवस्थेने आपल्याला दिलेली आहे. ग्रंथ सांगेल ते मुकाट्याने ऐकायचे, सांगणारा कोण हे विचारायचे नाही, या शिस्तीखाली आपल्या पिढ्यानपिढ्या गेल्या.

बाबासाहेबांनी ही शिस्त मोडली, आणि ती मोडताना संदर्भाचे शस्त्र वापरले. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात त्यांनी भारतातील जातींविषयीचा निबंध वाचला. तेव्हा ते पंचवीस वर्षांचे विद्यार्थी होते. त्या निबंधात सेनार, नेसफील्ड, रिस्ले आणि केतकर यांच्या जातीविषयीच्या व्याख्या ते एकेक करून, नावानिशी पुढे ठेवतात, प्रत्येकीत काय उणे आहे ते दाखवतात आणि मग आपले प्रतिपादन करतात. अनुकरणाची कल्पना त्यांनी टार्ड या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाकडून घेतली, तेही ते सांगतात. त्यामुळे वाचकाला दुसऱ्याचे कुठे संपले आणि आंबेडकरांचे कुठे सुरू झाले, हे दिसते. संदर्भलेखन म्हणजे मुळात हेच आहे. ही हद्द आखणे.

पद्धत आली कुठून

कंसात लेखकाचे नाव आणि वर्ष लिहिण्याची पद्धत मानसशास्त्राने शोधलेली नाही. हार्वर्डचे प्राणिशास्त्रज्ञ एडवर्ड लॉरेन्स मार्क यांनी १८८१ साली गोगलगायीच्या एका जातीवरील निबंधात ती वापरली, आणि तोच तिचा पहिला नमुना मानला जातो. मानसशास्त्राच्या बाबतीत १९२८ साली मानसशास्त्र व मानववंशशास्त्र यांच्या नियतकालिकांचे संपादक व व्यवस्थापक अमेरिकेत एकत्र जमले. हस्तलिखिते कशी असावीत याविषयीच्या त्यांच्या सूचना १९२९ साली 'सायकॉलॉजिकल बुलेटिन'मध्ये छापल्या गेल्या. अवघी सात पाने. त्यांतून पुढे अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनची नियमपुस्तिका वाढत गेली. तिलाच आपण 'एपीए पद्धत' म्हणतो. तिची सातवी आवृत्ती २०१९च्या अखेरीस निघाली आणि आज बहुतेक ठिकाणी तीच चालते.

हे नियम कुणा एका देशातल्या मंडळींनी सोयीसाठी केलेले आहेत. ते पवित्र नाहीत. परंतु मानसशास्त्रात नावाबरोबर वर्षालाही इतके महत्त्व का, हे समजून घेतले पाहिजे. हे शास्त्र सतत बदलते. १९२० साली एखाद्याने जे म्हटले ते १९७० साली खोटे ठरलेले असू शकते. वर्ष दिसले की वाचक सावध होतो.

मजकुरात संदर्भ

आता प्रत्यक्ष रीत पाहू. संदर्भ दोन ठिकाणी द्यायचा असतो : मजकुरात थोडक्यात आणि शेवटच्या संदर्भसूचीत सविस्तर. मजकुरात ज्याचे नाव आले ते सूचीत असलेच पाहिजे, आणि सूचीत जे आहे ते मजकुरात कुठेतरी आलेले असले पाहिजे. वाचलेल्या सगळ्या पुस्तकांची यादी म्हणजे संदर्भसूची नव्हे. सूची फुगवणे हाही एक खोटेपणाच.

उदाहरणासाठी आपल्याच प्रश्नाशी संबंधित एक संशोधन घेतो. कार्ला हॉफ आणि प्रियंका पांडे यांनी उत्तर प्रदेशातील ग्रामीण भागात शाळकरी मुलग्यांवर प्रयोग केला. त्याचा २००४ सालचा अहवाल ३२१ 'उच्च' आणि ३२१ 'खालच्या' मानल्या गेलेल्या जातींतील मुलांविषयी आहे. मुलांना कागदावरची चक्रव्यूहाची कोडी सोडवायची होती आणि सुटलेल्या कोड्यांमागे पैसे मिळणार होते. जात जाहीर केली नव्हती तेव्हा दोन्ही गटांच्या कामगिरीत फरक दिसला नाही. सर्वांसमोर जात जाहीर केली तेव्हा 'खालच्या' जातीतील मुलांची कामगिरी घसरली.

याचा उल्लेख दोन तऱ्हांनी करता येतो. 'हॉफ आणि पांडे (२००६) यांना असे आढळले की...' ही एक तऱ्हा. वाक्य पूर्ण करून शेवटी '(हॉफ आणि पांडे, २००६)' असे लिहिणे ही दुसरी. लेखक दोन असतील तर दरवेळी दोघांची नावे. तीन किंवा अधिक असतील तर पहिल्याचे नाव आणि 'आणि इतर'. लेखकाचे शब्द जसेच्या तसे घेतले तर अवतरणचिन्हे आणि पृष्ठांकही हवा. अवतरण चाळीस किंवा अधिक शब्दांचे असेल तर अवतरणचिन्हे काढून तो मजकूर समासापासून आत सरकवून वेगळा छापायचा. आपल्या जुन्या मराठी प्रबंधांत 'तत्रैव' आणि 'उनि' अशी संक्षिप्त रूपे भेटतात. ती तळटिपांच्या पद्धतीची आहेत. एपीएमध्ये ती चालत नाहीत. दोन पद्धतींची खिचडी करू नये.

सूचीत हीच नोंद अशी येईल :

हॉफ, के., आणि पांडे, पी. (२००६). डिस्क्रिमिनेशन, सोशल आयडेंटिटी, अँड ड्युरेबल इनइक्वॅलिटीज. अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू, ९६(२), २०६–२११.

म्हणजे कोण, केव्हा, काय आणि कुठे, या चार प्रश्नांची उत्तरे याच क्रमाने. ९६ हा खंड, कंसातला २ हा अंक, पुढे पृष्ठे. नियतकालिकाचे नाव आणि खंड तिरप्या अक्षरांत. नोंदीचा डीओआय क्रमांक मिळत असेल तर तो शेवटी. नोंदी आडनावाच्या वर्णक्रमाने लावायच्या.

जुना ग्रंथ नव्या आवृत्तीतून वाचला असेल तर दोन्ही वर्षे द्यावी लागतात. बाबासाहेबांचा वर सांगितलेला निबंध 'इंडियन अँटिक्वरी'त मे १९१७मध्ये छापला गेला. आपण तो वाचतो तो महाराष्ट्र शासनाने १९७९ साली काढलेल्या समग्र वाङ्मयाच्या पहिल्या खंडात, वसंत मून यांनी संपादित केलेल्या. म्हणून मजकुरात '(आंबेडकर, १९१७/१९७९)' असे लिहायचे. नुसते १९७९ लिहिले तर वाचकाला वाटेल, हा विचार बाबासाहेबांच्या पश्चात कुणीतरी मांडला. नुसते १९१७ लिहिले तर आपण सांगितलेले पान त्याला सापडणार नाही.

आपल्या शब्दांत म्हणजे काय

'आपल्या शब्दांत लिहा' असे आम्ही शिक्षक सांगतो आणि मोकळे होतो. मग विद्यार्थी 'परिणाम'च्या जागी 'प्रभाव' आणि 'बालक'च्या जागी 'मूल' असे घालून वाक्य तेच ठेवतो. ही नक्कलच होय. मी आता वर्गात वेगळी रीत सांगतो. परिच्छेद वाचा. पुस्तक मिटा. मानसशास्त्र न शिकलेल्या माणसाला, आईला म्हणा, मावशीला म्हणा, ते सांगून बघा. जे सांगितले ते लिहा. मग पुस्तक उघडून ताडून पाहा की अर्थ कुठे वाकला तर नाही. आणि शब्द आपले असले तरी विचार त्यांचा आहे, म्हणून संदर्भ द्यायचाच. पुष्कळांचा गैरसमज असा की शब्द बदलले की संदर्भाची गरज संपते. तसे नाही. शब्द बदलले की फक्त अवतरणचिन्हे जातात.

न वाचलेले पुस्तक

दुसरा रोग याहून पसरलेला आहे, आणि तो आम्हा शिक्षकांनाही आहे. जे वाचलेले नाही त्याचा संदर्भ द्यायचा. मास्लो यांच्या गरजांचा पिरॅमिड मानसशास्त्राच्या बहुतेक विद्यार्थ्यांनी वहीत काढलेला असतो आणि खाली '(मास्लो, १९४३)' असे लिहिलेले असते. मास्लो यांचा १९४३चा लेख 'सायकॉलॉजिकल रिव्ह्यू'मध्ये आहे. त्यात गरजांची उतरंड आहे, पिरॅमिड नाही. ब्रिजमन, कमिंग्ज आणि बॅलार्ड यांनी २०१९ साली शोध घेऊन दाखवले की तो प्रसिद्ध पिरॅमिड चार्ल्स मॅकडर्मिड या व्यवस्थापन-सल्लागाराच्या १९६०च्या लेखातून पुढे आला. म्हणजे वर्षानुवर्षे लेखक आणि विद्यार्थी एका लेखाचा हवाला देत होते आणि तो उघडून पाहणारे थोडे होते.

वॉटसन आणि रेनर यांच्या १९२०च्या 'लहानग्या अल्बर्ट'च्या प्रयोगाचे असेच झाले. त्या बाळाच्या मनात पांढऱ्या उंदराची भीती मुद्दाम निर्माण केली गेली. नंतर ती भीती काढून टाकली, असे काही पाठ्यपुस्तकांनी छापले. ते खरे नाही. ती काढण्याआधीच त्याला तिथून नेण्यात आले होते. बेन हॅरिस यांनी १९७९ साली या चुकांचा हिशेब मांडला. एका लेखकाने दुसऱ्यावरून, दुसऱ्याने तिसऱ्यावरून घेतले आणि एका असहाय मुलावरचा अन्याय पुस्तकात गोड होऊन बसला. आपल्या इतिहासाच्या बाबतीतही हेच घडत आले आहे, हे वाचकांना वेगळे सांगायला नको.

मूळ लेख मिळत नसेल तर काय करावे? प्रामाणिकपणे तसे लिहावे. हॅरिस यांच्या लेखातून वॉटसनविषयी वाचले असेल तर '(वॉटसन आणि रेनर, १९२०, हॅरिस, १९७९ मध्ये उद्धृत)' असे लिहावे आणि सूचीत फक्त हॅरिस यांची नोंद करावी. तालुक्याच्या ठिकाणच्या ग्रंथालयात मूळ नियतकालिके नसतात. त्यात विद्यार्थ्याचा दोष नाही. न वाचलेले वाचले म्हणून दाखवणे, हा मात्र दोष आहे.

विधानाची अट

आता सर्वांत महत्त्वाच्या मुद्द्याकडे येतो. नाव आणि वर्ष बिनचूक असूनही संदर्भ खोटा असू शकतो. हॉफ आणि पांडे यांच्याच संशोधनाविषयी एका विद्यार्थ्याने लिहिले होते : 'दलित मुलांची बौद्धिक कामगिरी कमी असते, असे संशोधनाने सिद्ध झाले आहे (हॉफ आणि पांडे, २००६).' कंस ठीक, स्वल्पविराम ठीक, आणि वाक्य विषारी. मूळ निष्कर्षात एक अट आहे : जात सर्वांसमोर जाहीर केली तेव्हा. ती अट गळाली आणि जे संशोधन व्यवस्थेकडे बोट दाखवत होते ते मुलांकडे बोट दाखवू लागले. लिहिणारा विद्यार्थी आपलाच होता. त्याने ते कुठल्यातरी गाइडातून घेतले होते.

हीच दक्षता आपल्याला सोयीच्या निष्कर्षांबाबतही घ्यावी लागेल. स्टील आणि अॅरन्सन यांनी १९९५ साली अमेरिकेतील कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांवर प्रयोग केले. चाचणी तुमची बुद्धी मोजते, असे सांगितले की त्यांची कामगिरी खालावते, असे त्यांना दिसले. तसे सांगितले नाही तर गोऱ्या व काळ्या विद्यार्थ्यांतला फरक मुळीच उरत नाही, असे पुढे पुष्कळ ठिकाणी छापले गेले. सॅकेट, हार्डिसन आणि कलन यांनी २००४ साली दाखवून दिले की हे वाचन चुकीचे आहे. मूळ प्रयोगात विद्यार्थ्यांच्या आधीच्या प्रवेशपरीक्षेच्या गुणांतला फरक गणिताने वजा केलेला होता. तो आधीचा फरक तसाच होता, आणि तो का होता हा निराळा प्रश्न. आपल्या बाजूचे विधान आहे म्हणून त्याची अट लपवली तर उद्या विरोधक ती शोधून काढील आणि आपले सगळेच म्हणणे फेकून देईल. आपल्याला ही चैन परवडणारी नाही.

तपासून न पाहता उद्धृत करण्याची किंमत किती असते, हे सिरिल बर्ट यांच्या प्रकरणात दिसते. बर्ट हे ब्रिटनमधील मोठे प्रस्थ. बुद्धी मुख्यतः आनुवंशिक असते, यासाठी त्यांनी वेगवेगळ्या घरांत वाढलेल्या एकसारख्या जुळ्यांचे आकडे दिले. १९६९ साली आर्थर जेन्सन यांनी काळ्या-गोऱ्यांच्या बुद्ध्यंकांतील फरक बव्हंशी आनुवंशिक असावा असे सुचवणारा लेख लिहिला. त्यात बर्ट यांच्या आकड्यांचा मोठा आधार होता. १९७४ साली लिऑन कामिन यांनी मूळ लेख शेजारी-शेजारी ठेवून वाचले. १९५५ साली २१ जोड्या, १९५८ साली तिसाहून अधिक, १९६६ साली ५३. पण सहसंबंध तिन्ही वेळा नेमका ०.७७१. जोड्या वाढत गेल्या आणि आकडा तिसऱ्या दशांशापर्यंत हलला नाही. १९७६ साली ऑलिव्हर गिली या पत्रकाराने 'संडे टाइम्स'मध्ये लिहिले की बर्ट यांच्या दोन सहकारी संशोधिकांचा माग लागत नाही. पुढे काही अभ्यासकांनी बर्ट यांची बाजूही घेतली आणि तो वाद पूर्ण मिटला असे म्हणता येणार नाही. परंतु ते आकडे आज कुणी पुरावा म्हणून पुढे करत नाही. कामिन यांच्याजवळ कोणती मोठी प्रयोगशाळा होती? त्यांनी संदर्भ उघडून पाहिले, एवढेच.

एका तळटिपेची गोष्ट

याच्या उलट बाजूचे उदाहरणही आहे. १९५४ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 'ब्राउन' खटल्यात शाळांतील वर्णविभाजन घटनाबाह्य ठरवले. त्या निकालातील अकराव्या तळटिपेत समाजशास्त्रीय व मानसशास्त्रीय लेखनाचे संदर्भ आहेत आणि त्यात पहिले नाव केनेथ क्लार्क यांचे आहे. केनेथ आणि मेमी क्लार्क या कृष्णवर्णीय पतिपत्नींनी मुलांसमोर गोऱ्या आणि सावळ्या बाहुल्या ठेवून त्यांच्या आवडीनिवडी विचारल्या होत्या. १९४७ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या लेखात २५३ मुलांची माहिती आहे. गुलामांच्या वंशजांनी केलेले संशोधन सर्वोच्च न्यायालयाच्या निकालात संदर्भ म्हणून जाऊन बसले, ही साधी घटना नव्हे. मात्र या कामाचा उगम मेमी क्लार्क यांच्या हॉवर्ड विद्यापीठातील एम.ए.च्या प्रबंधात आहे, आणि तळटिपेत त्यांचे नाव नाही. संदर्भ देताना कोण गळते, हाही प्रश्न विचारत राहिले पाहिजे. 'वॉटसनचा प्रयोग' म्हणताना रोझली रेनर गळतात, तेही असेच.

आडनाव, आणि ज्यांचे पुस्तक नाही ते

एपीए पद्धत आडनावावर उभी आहे. अमेरिकेत ते सोयीचे असेल. आपल्याकडे आडनाव म्हणजे अनेकदा जातीचा दाखलाच. कुणी आडनाव बदलले आहे, कुणी टाकले आहे, कुणी आईचे नाव लावतो. अशा वेळी नियम सरळ आहे. लेखक ज्या नावाने छापतो, त्याच नावाने नोंद करायची. एकच नाव असेल तर तेवढेच. त्याचे टाकलेले आडनाव शोधून कंसात घालण्याचा अधिकार आपल्याला नाही.

आणि ज्यांचे पुस्तकच नाही त्यांचे काय? आजीने सांगितलेली हकीकत, जलशातल्या शाहिराने सांगितलेली आठवण, यांची नोंद 'वैयक्तिक संवाद' म्हणून मजकुरात करता येते : नाव, 'वैयक्तिक संवाद' हे शब्द आणि पूर्ण तारीख. वाचकाला ती सामग्री मिळवता येत नाही म्हणून ती सूचीत जात नाही. आदिवासी व मूलनिवासी समूहांच्या मौखिक ज्ञानाची नोंद कशी करावी, याविषयी सातव्या आवृत्तीत स्वतंत्र मार्गदर्शन आहे. त्यात त्या माणसांची संमती आणि त्यांच्या समूहाचा उल्लेख यांना महत्त्व दिले आहे. आपण ते आपल्या कामी लावले पाहिजे. मात्र संशोधनात सहभागी झालेल्यांची गोष्ट वेगळी. त्यांचे बोलणे ही आपली सामग्री. त्यांचे नाव, गाव, शाळा उघड करायची नाही, 'सहभागी ४' असे लिहायचे. हजेरीला हळू बोलणाऱ्या त्या मुलाचे नाव छापले असते तर तो आणखी एक अन्याय झाला असता.

छापील नोंद काय करू शकते हे मुक्ताबाईंकडे पाहिले की कळते. जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेतील या मातंग मुलीचा महार-मांगांच्या दुःखाविषयीचा निबंध १८५५ साली 'ज्ञानोदय'मध्ये छापला गेला. लेखिकेचे नाव, नियतकालिक आणि वर्ष नोंदले गेले म्हणून आज आपण तिचे म्हणणे तिच्या नावाने सांगू शकतो. अशा आणखी किती मुली बोलल्या असतील, ज्यांचे कुणीच टिपून ठेवले नाही!

शेवटी

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८च्या नियमांनुसार प्रबंधात दहा टक्क्यांपर्यंत साम्य आढळले तर शिक्षा नाही. दहा ते चाळीस टक्क्यांसाठी सहा महिन्यांच्या आत सुधारित प्रबंध द्यावा लागतो, चाळीस ते साठसाठी एक वर्ष बंदी, आणि साठच्या वर नोंदणीच रद्द. रीतसर उद्धृत केलेला मजकूर या मोजणीतून वगळला जातो. म्हणजे वाचण्याचा मार्ग नियमातच आहे, तो मुलांना सांगितला जात नाही इतकेच. त्यात आता यंत्रे आली आहेत. चॅटजीपीटीसारखी साधने खऱ्या नियतकालिकाच्या नावाखाली अस्तित्वातच नसलेला लेख बनवून देतात. जो संदर्भ आपण स्वतः उघडून पाहिला नाही तो लिहायचा नाही, हा जुनाच नियम त्यावरचा उपाय आहे.

ज्यांनी विहिरी खणल्या त्यांना त्यांचे पाणी मिळाले नाही, असा आपला इतिहास आहे. दुसऱ्याच्या श्रमावर आपले नाव चढवणे म्हणजे काय, हे आपल्याइतके कुणाला ठाऊक असणार? म्हणून संदर्भ नीट देणे ही आपल्याला बाहेरून लादलेली शिस्त वाटता कामा नये.

त्या मुलीने अहवाल पुन्हा लिहिला. चौदा पानांची सहा झाली, आणि त्यातल्या प्रत्येक उसन्या विचारापुढे नाव व वर्ष आले. नऊ पानांची तेरा झाली. तोंडी परीक्षेच्या वेळी परीक्षकांनी त्या हजेरीच्या वाक्यावर बोट ठेवून विचारले, "हे कुणाचे?" ती म्हणाली, "सर, हे सहभागी चारचं बोलणं आहे. मी विचारलं, त्यानं सांगितलं. तारीख परिशिष्टात दिलीय. आणि खालचा निष्कर्ष माझा आहे." गुण फार मिळाले नाहीत. पण 'माझा आहे' हे तिने मोठ्याने म्हटले.

माझ्या शिक्षक मित्रांना एवढेच सांगणे आहे की वर्षाच्या आरंभी दोन तास यासाठी काढावेत. लाल शाईने 'कॉपी' लिहिण्याआधी पेन्सिलीने 'हे कुणाचे?' असे विचारावे, आणि विद्यार्थ्याला समोर बसवून उत्तर शोधायला मदत करावी.